दात पडलेल्या फणीचा कागद

माझे साडू पुस्तकं बांधायचे. लिहायचे नाहीत, विकायचे नाहीत, वाचायचेही फारसे नाहीत, फक्त बांधायचे. छापखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिथे छापून आलेले कागद घड्या होऊन यायचे आणि साडूंच्या हातून पुस्तक होऊन बाहेर पडायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा ते पहिल्यांदा भेटले. त्यांनी हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "खळ लागलीय," म्हणाले. बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे होते. रुमालाने हात खसखसून पुसला, मग पुन्हा पुढे केला. माणूस तसाच आहे. काही द्यायचं तर आधी हात पुसणार.

मी स्वतः घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले. आकड्यांपलीकडे कधी काही लिहिलं नाही. साडूंच्या मुलीने गळ घातली, "मीटरकाका, बाबांवर तुम्हीच लिहा, तुम्ही तिथे होतात," म्हणून बसलो आहे. साडूंना विचारलं. ते म्हणाले, "लिहा. पण मला सोडून देऊ नका." म्हणजे काय ते पुढे कळेल.

छापखाना बंद पडला तेव्हा साडूंचं वय काम सोडण्याचं झालंच होतं. पुढे बोटं थरथरायला लागली. सुईत दोरा जाईना. थोरल्या मेव्हणी होत्या तोवर त्या ओवून द्यायच्या आणि चिडवायच्या, "आयुष्यभर दोरा ओवला आणि आता डोळा मारतोय सुईला." त्या गेल्यावर घरातली सुईच दिसेनाशी झाली. साडू खिडकीशी बसून राहायचे. खिडकीखाली पत्र्याचं छप्पर होतं. त्यावर मांजर कधी येतं नि कधी जातं, एवढाच त्यांचा उद्योग. मी दुपारी जाऊन बसायचो. आम्ही दोघे साडू, म्हणजे एकाच घरचे जावई. बोलायचं काही नसलं तरी सासऱ्यांच्या जुन्या गोष्टी निघायच्याच.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी असते. तिला एक छंद आहे. पूर्वी आपण जाड वहीत फोटो चिकटवायचो, कडेने फुलं-बिलं काढायचो. हीही तेच करते, पण सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर. पानाला रंगीत कागद, कडेला फीत, कोपऱ्यात बटण, वर टाके घातल्यासारखं काही. हे सामान तयार विकत मिळतं, पण तिच्या ग्रुपमधल्या बायका आपलं सामान आपणच बनवतात आणि एकमेकींना देतात. एकदा ती आली ती जुना कॉम्प्युटर आणि सपाट काचेचा स्कॅनर घेऊनच.

"बाबा, तुम्ही जन्मभर हेच केलंत. आता खळीशिवाय करा."

"आणि हे चित्रांचं यंत्र कितीला?"

"सॉफ्टवेअर म्हणतात त्याला. फुकट आहे."

"फुकट? मग त्यात नक्की काहीतरी गोम असणार."

"गोम नाहीये, बाबा. चांगल्या लोकांनी सगळ्यांसाठी करून ठेवलंय."

"असे लोक आमच्या छापखान्यात नव्हते," साडू म्हणाले.

तिने दोन दिवस शिकवलं आणि गेली. पुढचं शिकणं आम्हा दोघांच्या नशिबी आलं. म्हणजे शिकले ते. मी चष्मा पुसत शेजारी. पहिलंच काम त्यांनी घेतलं ते फितीचं. पुस्तकाच्या पाठीला लावतात त्या लाल कापडी पट्टीचा तुकडा काचेवर ठेवला, चित्र घेतलं, आणि पट्टीभोवतीचा पांढरा भाग कापून टाकला. तर मागे राखाडी-पांढरा चौकडा उमटला.

"हे बघा! मी सांगितलं नव्हतं गोम असणार? खाली चौकड्याचं कापड चिकटवलंय यानं."

मग ते खोडरबराने तो चौकडा पुसायला बसले. पुसतात तिथे लाल पट्टी नाहीशी होते आणि चौकडा आणखी वाढतो. चहा निवला, पट्टी दोऱ्याएवढी उरली, आणि पडदाभर चौकडाच चौकडा. शेवटी मुलीला फोन. ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "बाबा, चौकडा म्हणजे काही नाही. चौकडा म्हणजे तिथे रिकामं आहे. आरपार आहे."

साडू पडद्याच्या आणखी जवळ सरकले. "काही नाही हे दाखवायला इतकं कापड लागतं यांना," म्हणाले.

पण एकदा थर म्हणजे काय ते डोक्यात बसल्यावर हा माणूस सुटला. थर त्यांना कुणी शिकवायला नको होते. पुठ्ठा, त्यावर कापड, त्यावर कागद, वर नावाची पट्टी. आयुष्य थरांतच गेलेलं. त्यांनी पुठ्ठ्याच्या कडा बनवल्या, झिजलेले कापडी कोपरे बनवले. जाड दोरा काचेवर आडवा-उभा ठेवून शिलाईचा टाका बनवला. हात थरथरायचा, पण तिथे चुकलं की मागे जाता येतं. हे मागे जाण्याचं बटण सापडलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या कटिंगच्या पात्याला हे असतं तर मालकाच्या निम्म्या शिव्या वाचल्या असत्या."

मुलगी त्यांचं सामान ग्रुपवर टाकायची. बायकांनी त्याला नाव दिलं, काकांचा माल. ग्रुपमध्ये एक दाताची डॉक्टरीण आहे, मुलीची शाळेतली मैत्रीण. ती आमच्याच गावात असते आणि तिची जीभ तिच्या यंत्रासारखी कुठेही पोचते. तिने लिहिलं, "काका, तुमचा टाका इतका सुबक आहे की पेशंटच्या हिरडीला वापरावासा वाटतो." साडूंनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. घरात पुन्हा वस्तू दिसायला लागल्या; बटणांचा डबा, मेव्हणींच्या रिळांची पेटी. आमची ही म्हणाली, "भावजींच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी तेज आलंय."

आणि इथेच ते घसरले.

जुन्या जाड वह्यांच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद लावलेला असतो, रंगांच्या लाटा असलेला. त्याला अबरी म्हणतात. पसरट ट्रेमध्ये दाटसर पाणी घ्यायचं, वर रंगाचे थेंब सोडायचे, त्यांतून फणी ओढायची आणि वर कागद अलगद टेकवून उचलायचा. एक कागद दुसऱ्यासारखा होत नाही. छापखान्यात हे काम एकच माणूस करायचा. त्यांना सगळे रंगारीच म्हणत. साडूंना हे शिकण्याची फार इच्छा होती. कितीदा गेले त्यांच्याकडे. रंगारी म्हणायचे, "तुमचे हात खळीचे. रंगातलं तुम्हाला काय कळणार?" आणि ट्रेसमोर असे उभे राहायचे की पाठीशिवाय काही दिसू नये. साडूंना ते फार लागायचं. जेवणाच्या सुट्टीत दोघे एका बाकावर बसायचे, डबे उघडायचे, पण अबरीचा विषय निघाला की रंगारी उठून हात धुवायला जायचे.

रंगारी वारले, मग छापखानाही मिटला. शेवटच्या दिवशी आवराआवर चालली होती. कोपऱ्यात अबरीच्या कागदांची एक गुंडाळी पडली होती, रद्दीत जाणारी. साडूंनी ती उचलली आणि घरी आणून कपाटामागे उभी केली. कुणाला विचारलं नाही. विचारायला कुणी उरलंही नव्हतं, असं ते तेव्हा म्हणाले.

ती गुंडाळी आता बाहेर निघाली. एक कागद काचेवर ठेवला. वाळवीचे ठिपके पुसले, कडा अशा जुळवल्या की तुकडा तुकड्याला लावत गेलं तरी सांधा दिसू नये, आणि रंगाची पट्टी सरकवून निळ्याचा हिरवा केला. ओल्या पानांसारखा हिरवा. मी शेजारीच होतो. खोटं नाही सांगत, फार देखणा झाला होता.

ग्रुपवर नुसता कल्लोळ. कुणीतरी विचारलं, "काका, हा तुम्ही स्वतः केला?"

साडूंचं बोट कितीतरी वेळ तसंच अधांतरी होतं. डाग त्यांनी पुसले होते. सांधे त्यांनी जुळवले होते. हिरवा त्यांचाच होता. त्यांनी लिहिलं, "हो."

एवढंच. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "केलाच की नाही?" मी मीटर वाचणारा माणूस, जे दिसेल ते वाचायचं, पुढे बोलायचं नाही ही सवय. मी चहाचा कप उचलला.

तो हिरवा कागद भलताच पसरला. कुणाच्या लग्नाच्या फोटोंखाली, कुणाच्या घराच्या, कुणाच्या कुत्र्याच्या. साडूंच्या नातीच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक मुलीने छापून घेतलं, त्याच्या मुखपृष्ठावरही तोच. वर बारीक अक्षरात, 'कागद: आजोबा'. आणि मग मुलीने जाहीर केलं, येत्या शनिवारी संध्याकाळी बाबा व्हिडिओवर सगळ्यांना दाखवणार, अबरी कशी केली.

"अगं, मी कसलं दाखवतोय?"

"बाबा, लाजू नका. किती दिवसांनी तुम्ही असे खुशीत दिसताय. मी सगळ्यांना सांगून टाकलंय."

फोन ठेवल्यावर साडू म्हणाले, "ही आता हात धुऊन मागे लागली." पण आवाजात थट्टा नव्हती. त्यांना वाटलं, अजून दिवस आहेत, यंत्रावर तसला कागद बनवता येईल, मग खोटं खोटं राहणार नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये लाटा आहेत, भोवरे आहेत, रंग पिळायची सोय आहे. आम्ही सगळं करून बघितलं. एकदा तापात पडलेल्या माणसाच्या जिभेसारखं झालं, एकदा सांडलेल्या औषधासारखं. साडू मागे जाण्याचं बटण दाबत राहिले, दाबत राहिले, कोरा कागद येईपर्यंत.

तेवढ्यात डॉक्टरणीने ग्रुपवर हिरव्या कागदाचा एक तुकडा मोठा करून टाकला. प्रत्येक लाटेत, ठरावीक जागी, एक पट्टा इतरांपेक्षा रुंद होता. खाली लिहिलं होतं: "काका, तुमच्या फणीचा एक दात पडलाय. पाठवून द्या, बसवून देते. आपल्या माणसांना सवलत आहे."

सगळ्या हसल्या. साडूही हसले असते, पण लगेच खाली दुसरा निरोप आला. ग्रुपमध्ये नवीन आलेल्या एका बाईंचा. डॉक्टरणीचे पांढरे कोट ज्या लाँड्रीत जातात, त्या लाँड्रीच्या बाई. डॉक्टरणीनेच त्यांना आणलेलं. त्यांनी लिहिलं होतं: "अशी फणी माझ्या वडिलांची होती. छापखान्यात अबरी करायचे. काका, तुम्ही त्यांच्याबरोबर होतात का? फणी तर माझ्याकडे आहे."

त्यात आरोप नव्हता. मला तर त्यात आनंदच दिसला. पण 'फणी तर माझ्याकडे आहे' यापुढे कुणी काही लिहीना.

साडूंनी कॉम्प्युटर बंद केला, नीट न करता, सरळ बटण दाबून. मुलीचा फोन वाजला. "बाबा, त्या बाई काय म्हणताहेत?" ते म्हणाले, "असेल कुणाची तरी फणी. फण्यांचे दात पडतातच." फोन ठेवला. कानशिलं लाल झाली होती. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो, मालकाच्या शिव्या खाऊन आलेले बघितले आहेत; पण असे कधी बघितले नव्हते. कुणी काही न बोलता तोंडात मारल्यासारखे.

मग ते दार उघडेनात. आमची ही डबा घेऊन गेली तर दाराच्या फटीतूनच घेतला. "भावजींना बरं नाही का?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "बरं नाही." ते खोटं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तेच माझ्या दारात आले. काखेत ती गुंडाळी, वर्तमानपत्रात लपेटलेली.

"मीटरवाले, ती लाँड्री तुमच्या लायनीतली ना? गल्लीतून वाट आहे म्हणायचात."

"आहे."

"चला मग. मला एकट्याला जमायचं नाही."

लाँड्री औषधाच्या दुकानामागे होती. पुढे फळी टाकलेली, मागे वाफेचा ढग, छताला ओळीने टांगलेले कपडे. बाई पन्नाशीच्या, बाह्या दुमडलेल्या, ओठांत टाचण्या. एका गिऱ्हाइकाशी बटणावरून वाद चालला होता. "साहेब, बटण आम्ही खात नाही. आलं तेव्हाच नव्हतं." तो गेला. त्यांनी टाचण्या काढून आमच्याकडे बघितलं.

"बोला, काय आणलंय?"

साडूंनी तोंड उघडलं. मिटलं. माझ्या अंगात स्वेटर होता, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांचा स्वेटर धुवायचाय."

मी काय बोलणार? आदल्याच आठवड्यात हिने धुतलेला स्वेटर काढून दिला. बाईंनी उलटसुलट करून बघितला. "स्वच्छ तर आहे."

"यांना घाम फार येतो," साडू म्हणाले.

बाईंनी स्वेटरला बिल्ला लावला, दुसरा बिल्ला मला दिला, आणि आम्ही बाहेर. मी गल्लीत कुडकुडत उभा. साडू भिंतीकडे तोंड करून. थोड्या वेळाने म्हणाले, "मी कसला माणूस आहे हो?" मी म्हटलं, "परत जाऊ या. नाहीतरी मला थंडी वाजतेय."

आत गेलो तेव्हा साडूंनी गुंडाळी फळीवर ठेवली आणि वर्तमानपत्र काढलं. निळे, पिवळे, मातकट कागद. बाईंनी हात ओला होता तो पदराला पुसला, मग पुन्हा पुसला. मला तो पहिला दिवस आठवला, खळीच्या हाताचा. त्यांनी रुंद पट्ट्यावर बोट ठेवलं आणि हलकेच खाली नेलं.

"तुम्ही ते काका."

"मी तो," साडू म्हणाले. "कागद तुमच्या वडिलांचे. मी उचलून आणले होते. तिथे मी 'हो' लिहिलं, ते खोटं."

बाईंनी एक कागद उचलून उजेडात धरला. मागे इस्त्री फुसफुसत होती. मग म्हणाल्या, "बाबांनी एक कागद कधी घरी आणला नाही. मी शाळेत असताना वहीला लावायला मागायची. म्हणायचे, तिथला माल तिथेच. मी किती रुसायची. हे मी आज पहिल्यांदा हातात घेतेय."

साडूंची मान इतकी खाली गेली की मला त्यांचं टक्कलच दिसत होतं.

"पण तो हिरवा?" बाईंनी विचारलं.

"तो मी केला. म्हणजे निळ्याचा हिरवा."

"तरीच. मी घरी म्हटलं, फणी बाबांची दिसतेय, पण रंग कसा त्यांचा नाही." त्या जरा पुढे झुकल्या आणि आवाज उतरवला. "बाबांना हिरवा दिसायचा नाही. हिरवा नि लाल त्यांना सारखेच. मळकट दिसायचे म्हणे. आईशिवाय नि माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. रंगाऱ्याला रंग दिसत नाही कळलं असतं तर ठेवलं असतं कुणी? बाटल्यांना दोरे बांधायचे ते, एक गाठ, दोन गाठी. म्हणून कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत."

साडूंनी मान वर केली. "मला वाटायचं, मला कमी लेखतात."

"तुमच्याबद्दल घरी बोलायचे. खळवाले चांगले आहेत म्हणायचे. सारखे शिकवा म्हणतात, मी काय सांगू त्यांना?" त्यांनी कागद पुन्हा गुंडाळून आपल्याकडे ठेवले. "हे मात्र ग्रुपवर नका घालू. बाबांनी जन्मभर झाकलं."

हे लिहिण्याआधी मी लाँड्रीत जाऊन बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आता लिहा. आता मलाच वाटतं, त्यांनी कुणाला तरी सांगायला हवं होतं." तेवढ्या भरवशावर लिहिलं आहे.

शनिवारी संध्याकाळी साडूंनी धुतलेला सदरा घातला. मुलीने लावून दिलेल्या व्हिडिओत पडद्यावर चौकोनाचौकोनात बायका दिसत होत्या. कुणाच्या मागे स्वयंपाकघर, कुणाच्या मांडीवर मूल. डॉक्टरीण दवाखान्यातूनच होती, मागे ती आडवी होणारी खुर्ची. कोपऱ्यातल्या चौकोनात लाँड्रीच्या बाई, डोक्यावर टांगलेले कोट. मुलीने कौतुकाने ओळख करून दिली आणि म्हणाली, "बोला, बाबा."

साडू बोलायला लागले. हात मांडीवर, डोळे टेबलावर. छापखाना, बाक, डबे, पाठ करून उभे राहणारे रंगारी, कपाटामागची गुंडाळी, पडद्यावरचा प्रश्न, आणि ते एक अक्षर. लाँड्रीत मीटरवाल्यांच्या स्वेटरमागे लपलो हेसुद्धा. काही वगळलं नाही. फक्त जे झाकायचं होतं ते झाकलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "सगळ्यांची माफी मागतो." आणि वर बघितलं.

सगळ्या बायका केव्हाच्या हातवारे करत होत्या; मधे गडबड नको म्हणून त्यांचे माइक मिटलेले, आणि मी बघत होतो साडूंकडे. डॉक्टरीण कानाकडे बोट दाखवत होती.

"काका, माइक! तुमचा माइक बंद आहे!"

"काय?"

"काही ऐकू आलं नाही! पहिल्यापासून सांगा!"

मी बटण शोधायला धावलो आणि गडबडीत कॅमेरा बंद केला, मग तो चालू केला, मग एकदाचा माइक सापडला. साडू माझ्याकडे बघत होते. असं वाटलं की ते आता उठून आतल्या खोलीत जातील. माणूस एकदा कसाबसा उघडा होतो; दुसऱ्यांदा त्याला कुठून बळ आणायचं?

त्यांनी रुमालाने हात पुसले.

"तो हिरवा कागद माझा नाही," ते म्हणाले. "आमच्या रंगाऱ्यांचा आहे. मी न विचारता आणला आणि तुम्हाला माझा म्हणून सांगितला. त्यांची मुलगी इथे आहे. मला लाज वाटते."

दुसऱ्या वेळी एवढंच निघालं.

मुलीच्या चौकोनात तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, मला बघवेना. शेवटी डॉक्टरणीनेच घसा खाकरला. "बरं, मग मूळचा रंग कोणता होता, काका?"

"निळा. पिवळा."

"हिरवा का नाही? किती छान दिसतो."

साडूंनी क्षणभर त्या कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघितलं. "त्यांना आवडायचा नाही," म्हणाले. "रंगाच्या बाबतीत फार हट्टी माणूस."

लाँड्रीच्या बाईंनी खाली वाकून कुठल्याशा कोटाला बिल्ला लावायला घेतला. बराच वेळ लावत होत्या.

मग साडूंनी दोरा घेतला आणि शिलाईचा टाका पडद्यावर कसा करायचा ते दाखवलं. दोरा काचेवर कसा ठेवायचा, एक टाका करून त्याचाच शिक्का कसा बनवायचा, खाली सावली किती द्यायची. निम्म्या बायका ऐकत होत्या, दोघी-तिघी मधेच गेल्या.

सगळं संपल्यावर मुलीचा फोन आला. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाबा, मला आधी सांगायचं ना. मी सगळ्यांना सांगत सुटले होते." साडू नुसतं "हो" म्हणाले. आणि ते अक्षर तोंडातून निघाल्यावर दचकल्यासारखे थांबले.

हिरवा कागद काढून टाका असं मुलीने सगळ्यांना कळवलं. काहींनी काढला. बाकीच्यांकडे तो अजून आहे. पसरलेलं परत गोळा होत नाही. नातीचं पुस्तक तर छापलेलंच. मुलीने 'कागद: आजोबा' यावर छोटी पट्टी चिकटवून दिलीय, पण ते पुस्तक बाहेर काढलं की साडू पाणी प्यायला उठतात. ग्रुपवर आता ते टाके नि कोपरेच पाठवतात, तेही मुलीने मागितले तर. पूर्वीसारखे निरोप येत नाहीत. डॉक्टरीण तेवढी मधूनमधून काहीतरी टोचते, मुद्दामच.

मध्यंतरी लाँड्रीच्या बाईंनी एक पान बनवून पाठवलं. वडिलांचा फोटो, मागे त्यांचाच निळा-पिवळा कागद, न बदललेला, वाळवीच्या ठिपक्यांसकट. कडेने साडूंचा टाका. खाली लिहिलं होतं, 'कागद: बाबा. शिलाई: खळवाले'. साडूंनी चष्मा वर करून, खाली करून बघितलं. "खालचं दुसरं नाव काढायला सांगा त्यांना," मला म्हणाले.

"तुम्हीच सांगा."

"मी कसा सांगू?"

मी काही सांगितलं नाही, त्यांनीही नाही. ते पान कॉम्प्युटरवर उघडंच असतं. मी गेलो की ते मिटतात.

माझा स्वेटर अजून लाँड्रीतच आहे. हे लिहिण्याबद्दल विचारायला गेलो तेव्हा बाई देत होत्या; मी म्हटलं, ज्यांनी टाकला तेच नेतील. साडूंना आणायला चला म्हटलं की ते म्हणायचे, "स्वेटर तुमचा, तुम्हीच जा." हिने नवीन विणायला घेतला. पण परवा चहा पिता पिता, खिडकीबाहेर बघत, त्यांनी आपण होऊन विचारलं,

"मीटरवाले, तुमचा तो बिल्ला कुठाय?"